डोळ्यांतला बहुरूपी

आपल्यापैकीं ज्यांचें बालपण खेड्यांत किंवा लहानशा शहरांत गेलें असेल, त्यांना बहुरूपी आठवत असेल. सकाळच्या वेळीं दारांत एकाएकीं खाकी पोषाखांतला फौजदार येऊन उभा राही, हातांतल्या वहीकडे पाहून दरडावून कोणावर तरी पकडवारंट असल्याचें सांगे, आणि घरांतलीं मुलें आजीच्या पदराआड लपत. मग थोड्या वेळानें तोच फौजदार हंसून बक्षिसीसाठीं हात पुढें करी. तें सोंग इतकें हुबेहुब असे कीं, शेजारच्या आळींत कालच पाहिलें असलें तरी आज आपल्या दारांत माणूस फसेच. आज ज्या आजाराविषयीं मी आपणांशीं बोलणार आहें तो असाच बहुरूपी आहे. फरक एवढाच कीं, तो आपण होऊन हंसत नाहीं. आणि ओळखण्यास उशीर झाला तर तो जें मागतो तें बक्षिसीहून पुष्कळ अधिक असतें.

त्याचें नांव लिम्फोमा. हा एक प्रकारचा कर्करोग आहे. बहुधा तो मानेंत, काखेंत, जांघेंत किंवा पोटांत गांठींच्या रूपानें दिसतो. परंतु क्वचित् तो डोळ्याच्या रंगीत पडद्यावर येऊन बसतो आणि तेथें साध्या दाहाचें सोंग घेतो. ही गोष्ट फार विरळा आहे, हें आरंभींच सांगून टाकतों. नाहीं तर आज रात्रीं घरोघर आरशासमोर दिवे लागतील. अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहरीं विल्स नांवाचें जुनें नेत्ररुग्णालय आहे. डोळ्यांतील अर्बुदांसाठीं तेथें स्वतंत्र विभाग आहे आणि लांबलांबचे रोगी तेथें येतात. तेथील तज्ज्ञांनीं बुबुळावरील लिम्फोमाचा एक आढावा २०१३ सालीं प्रसिद्ध केला, तो अवघ्या तेरा रोग्यांचा होता. मग इतक्या विरळ आजारासाठीं आपला वेळ कां घ्यावा, असें आपण विचाराल. तर आजार विरळ असला तरी तो ज्या वाटेनें फसवितो ती वाट मुळींच विरळ नाहीं. त्या वाटेवर मी स्वतः एकदां फसलों आहें, आणि तीच हकीकत आज सांगावयाची आहे.

प्रथम जागा पाहूं. आरशांत आपण डोळा पाहतों तेव्हां पांढऱ्या भागाच्या मधोमध जें गोल रंगीत मंडल दिसतें, त्याला आपण घरगुती भाषेंत बुबुळ म्हणतों. परिभाषेंत त्याला परितारिका असें भारदस्त नांव आहे. तो एक पडदा आहे. सुमारें बारा मिलिमीटर रुंद, आणि जाडी म्हणाल तर जेमतेम अर्धा मिलिमीटर. त्याच्या मधलें भोंक तीच बाहुली. उजेडांत पडदा पसरतो आणि बाहुली मोहरीएवढी होते. अंधारांत तो आक्रसतो आणि ती वाटाण्याएवढी होते. पडद्याच्या पुढें पारपटलाची पारदर्शक कांच, आणि दोहोंच्या मधल्या पोकळींत पाण्यासारखा स्वच्छ द्रव. तो सगळा मिळून पाव मिलिलिटर, म्हणजे चारपांच थेंब. आणि तोहि साधारण दीडदोन तासांत सगळा नवा होतो. पडद्याच्या मागें रक्तवाहिन्यांचें दाट अस्तर आहे. हा पडदा आणि तें अस्तर यांना मिळून जुन्या युरोपीय शरीरशास्त्रज्ञांनीं द्राक्षावरून नांव दिलें. डोळ्याचें बाहेरचें पांढरें कवच सोलून काढलें असतां आंतला गोळा काळ्या द्राक्षासारखा दिसतो, म्हणून.

शरीराच्या आंतल्या रक्तवाहिन्या कातडी न कापतां उघड्या पाहतां येतील अशा जागा थोड्याच. हा पडदा त्यांपैकीं एक. आल्व्हार गुलस्ट्रांड नांवाच्या स्वीडिश नेत्रवैद्यानें १९११ सालीं एक दिवा लोकांसमोर मांडला. त्यांतून फटीएवढा बारीक, तेजस्वी उजेड डोळ्यांत तिरका पडतो, आणि त्या उजेडांत सूक्ष्मदर्शकानें डोळ्याचे थर जणूं कापून ठेवल्यासारखे दिसतात. त्याच वर्षीं त्याला नोबेल पारितोषिकहि मिळालें, पण तें डोळ्यांतील प्रकाशाच्या गणिताबद्दल. आम्हां नेत्रवैद्यांना त्या गणितापेक्षां तो दिवाच अधिक उपयोगी पडला आहे. नेत्रवैद्याच्या खोलींत हनुवटी टेकवून, कपाळ पट्टीला लावून आपण बसतां, तो त्याचाच वंशज.

आतां तांबड्या डोळ्याविषयीं. घरांत कोणाचा डोळा लाल झाला कीं ‘डोळे आले’ असें म्हणून आपण मोकळे होतों. आणि पुष्कळदां तें खरेंहि असतें. डोळे येतात तेव्हां बहुधा आज एक आणि उद्यां दुसरा असे दोन्ही लाल होतात, चिपडें येतात, सकाळीं पापण्या चिकटतात. परंतु दृष्टि शाबूत असते. बुबुळाच्या दाहाची तऱ्हा निराळी. त्यांत चिपडें नसतात. लाली बुबुळाच्या कडेभोंवतीं अधिक असते, उजेड खुपतो, डोळ्याच्या आंत खोल ठणका लागतो आणि दिसणें धूसर होतें. दिव्याखालीं पाहिलें तर त्या स्वच्छ पाण्यांत बारीक कण तरंगत असतात. खिडकीच्या फटींतून आलेल्या उन्हांत धुळीचे कण तरंगावे, तसे. ते कण म्हणजे रक्तांतून तेथें धांवून आलेल्या पांढऱ्या पेशी. हा दाह कांहीं विरळा नाहीं. त्याचें कारण कधीं क्षयांत, कधीं पाठीच्या मणक्यांच्या विकारांत, कधीं नागिणीच्या जातीच्या विषाणूंत सांपडतें. आणि पुष्कळदां कोठेंच सांपडत नाहीं. स्टेरॉइडचे थेंब घातले कीं बहुतेक डोळे निवळतात.

कांहीं वर्षांपूर्वीं पावसाळ्यांत एक बाई माझ्याकडे आल्या. वय अडुसष्ट; मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. गांवांतलीं निम्मीं माणसें त्यांना नुसतें ‘बाई’ म्हणतात, म्हणून मीहि येथें तेंच म्हणतों. उजवा डोळा लाल, थोडा ठणका, वर्तमानपत्र धूसर. मीं दिव्याखालीं पाहिलें. पाण्यांत कण तरंगत होते. बुबुळाचा दाह, असें निदान झालें, स्टेरॉइडचे थेंब दिले, आणि आठव्या दिवशीं डोळा लख्ख झाला. बाईंनीं मला बर्फीचा पुडा दिला, आणि मीं तो संकोच न करतां घेतला.

तिसऱ्या महिन्यांत डोळा पुन्हां लाल. पुन्हां तेच थेंब, पुन्हां तोच गुण. त्यानंतर एकदां माझ्याकडे न येतांच त्यांच्या मुलानें जुनी चिठ्ठी दाखवून औषधाच्या दुकानांतून तीच बाटली आणली. तेव्हांहि डोळा निवळला. पुढच्या खेपेस मीं सावध होऊन रक्त तपासलें, छातीचें क्ष-किरण चित्र काढविलें, क्षयाची चांचणी केली. कांहीं निघालें नाहीं. ‘कारण न सांपडणारा दाह’ अशी नोंद करून मीं थेंब आणखी लांबविले. श्रोतेहो, त्या वेळीं मला जराहि अस्वस्थ वाटलें नाहीं. रोग्याला प्रत्येक खेपेस गुण येत होता. वैद्याला याहून दुसरा कोणता दाखला हवा असतो? माझी चूक जी झाली ती नेमकी येथें.

ती कशी, हें समजण्यासाठीं जरा डोळ्याबाहेर जावें लागेल. लहानपणीं पायांत कांटा रुतून पिकला कीं जांघेंत अवधाण येत असे. ती गांठ म्हणजे रोग नव्हे. ती शरीराची पहाऱ्याची चौकी. अशा शेंकडों चौक्या शरीरभर आहेत, आणि त्यांना जोडणाऱ्या सूक्ष्म नळ्यांतून लसीका नांवाचा पातळ रस वाहतो. चौकींतले शिपाई म्हणजे लसीकापेशी; पांढऱ्या पेशींचीच ती एक जात. त्या रक्तांतून आणि लसीकेंतून सतत गस्त घालतात. कोठें घुसखोर आढळला तर तेथें जमतात, आपली संख्या वाढवितात, आणि काम संपलें कीं पांगतात. सगळें मर्म या पांगण्यांत आहे. एखाद्या पेशींत असा कांहीं बिघाड होतो कीं, पांगण्याचा हुकूम तिला लागूच पडत नाहीं. ती वाढत राहते, तिच्या लेकी वाढत राहतात, आणि गांठ उतरण्याऐवजीं मोठी होत जाते. बहुधा न दुखतां. हाच लिम्फोमा. लंडनच्या गाय्ज रुग्णालयांतील टॉमस हॉजकिन यानें शवविच्छेदनांत पाहिलेल्या अशा गांठींचें वर्णन १८३२ सालीं केलें. त्याकडे फारसें कोणी पाहिलें नाहीं. पुढें १८६५ सालीं त्याच रुग्णालयांतल्या सॅम्युअल विल्क्स यानें मोठ्या मनानें त्या आजाराला हॉजकिनचें नांव दिलें. आतां असें कळून आलें आहे कीं हें कुटुंब फार मोठें आहे. हॉजकिनचा आजार ही त्याची एक शाखा. बाकीच्या सर्वांना मिळून ‘हॉजकिनेतर’ म्हणतात. बुबुळावर येणारे जवळजवळ सगळे या दुसऱ्या शाखेंतले.

डोळ्याच्या आंत अशी चौकी एकहि नाहीं. तेव्हां तेथें हा आजार बहुधा बाहेरून, रक्तवाहिन्यांच्या वाटेनें येतो, आणि बुबुळाचा पडदा तर रक्तवाहिन्यांनीं भरलेला. म्हणजे बुबुळावर लिम्फोमा दिसला तर तो शरीरांत इतरत्रहि असण्याचा, किंवा पूर्वीं होऊन गेलेला असण्याचा संभव मोठा. डोळ्याच्या पाठीमागच्या भागांत, दृष्टिपटलाजवळ येणारी याचीच एक भावकी आहे; तिचें नातें अनेकदां मेंदूशीं निघतें. ती अधिक परिचित आहे, आणि तिच्यावर पुष्कळ लिहिलेंहि गेलें आहे. परंतु सोंग घेण्यांत दोघी सारख्याच पटाईत.

आतां सोंग कसें वठतें तें पाहा. दाहांत पाण्यांत तरंगतात त्या पांढऱ्या पेशी. लिम्फोमांत तरंगतात त्याहि पांढऱ्याच पेशी. एक प्रामाणिक शिपाई, दुसरा बंडखोर. पण अंगावरचा पोषाख एकच. दिव्याच्या उजेडांत त्यांच्यांत भेद दिसत नाहीं. हें झालें सोंगाचें अर्धें अंग. दुसरें अर्धें अंग आम्हीच पुरवितों, तें स्टेरॉइडच्या रूपानें. संधिवातानें जखडलेल्या रोग्यांना फिलिप हेन्च यानें अमेरिकेंतील मेयो क्लिनिकमध्यें १९४८ सालीं हें औषध प्रथम दिलें. त्याबद्दल दोन वर्षांनीं त्याला दोन सहकाऱ्यांसह नोबेल पारितोषिक मिळालें. स्टेरॉइडनें दाह शमतो, कारण तें पांढऱ्या पेशींना आवरतें. पण लसीकापेशींना तें नुसतें आवरीत नाहीं, पुष्कळांना मारतेंहि. आणि त्यांत बंडखोर पेशीहि मरतात. सगळ्या नव्हेत, कायमच्या नव्हेत. परंतु डोळा आठ दिवसांत स्वच्छ दिसण्याइतक्या खास मरतात. गुण येतो तो खरा असतो. फक्त ‘गुण आला, म्हणजे दाहच होता’ हें अनुमान खोटें असतें. त्याहून वाईट गोष्ट अशी कीं, अशा वेळीं कोणी संशयानें डोळ्यांतलें पाणी काढून तपासावयास पाठविलें, तर त्यांत मेलेल्या पेशींच्या चिंध्यांखेरीज कांहीं सांपडत नाहीं. पंचनाम्याला माणसें यावयाचीं आणि त्यापूर्वींच कोणी घर झाडून, सारवून ठेवावयाचें, तसा हा प्रकार.

फ्रेडरिक थिओडोर नांवाच्या अमेरिकन नेत्रवैद्यानें १९६७ सालीं एका रोग्याची हकीकत लिहिली. डोळ्याच्या पांढऱ्या भागावरील पातळ आवरणाचा कर्करोग. पण उपचार चालले होते जुनाट डोळे आल्याचे. त्या प्रसंगीं त्यानें मुखवट्याचा शब्द वापरला. तेव्हांपासून दाहाच्या वेषांत येणाऱ्या अशा सगळ्या आजारांना तें नांव रूढ झालें. मला मात्र मुखवट्यापेक्षां आपला बहुरूपी अधिक समर्पक वाटतो. मुखवटा नुसता तोंडावर असतो. बहुरूप्याची चाल, आवाज, दरारा, सगळेंच फौजदाराचें असतें.

पांचव्या खेपेस बाईंना त्यांची नात घेऊन आली. तीच म्हणाली, “डॉक्टर, आजीच्या या डोळ्यांत खालीं पांढरें काय आहे? तिच्या साठीच्या फोटोंत तें नाहीं.” मीं दिवा लावला. खालच्या बाजूस बुबुळाची कड जाड झाली होती. तपकिरी रंगावर गुलाबीसर पांढरी साय धरावी तशी, आणि तिच्यावर नवीन, वांकड्यातिकड्या रक्तवाहिन्या. बाहुली गोल राहिली नव्हती. एका अंगाला ओढली गेली होती. पोकळीच्या तळाशीं तांदुळाच्या धुवणासारखा गाळ बसला होता, आणि डोळ्याचा दाब वाढला होता. इतकें असून बाईंना दुखत होतें तें थोडेंच. दाहाच्या मानानें दिसतें फार आणि दुखतें कमी, हें मला तेव्हां प्रथम खटकलें.

मीं विचारलें, “बाई, पूर्वीं कोणता मोठा आजार झाला होता का?”

“डोळ्याचा? नाहीं बुवा.”

“डोळ्याचा नव्हे, कसलाहि.”

बाई थांबल्या. नातच म्हणाली, “आजी, तुझी ती मानेची गांठ?”

“अग, तिला तीन वर्षें होऊन गेलीं. ती तर बरी झाली. तिचा नि डोळ्याचा काय संबंध?”

संध्याकाळीं मुलगा घरच्या कपाटांतून फाइल घेऊन आला. मानेंतल्या गांठीचा तुकडा तपासलेला. निदान हॉजकिनेतर लिम्फोमा. सहा वेळां औषधांचा क्रम. शेवटच्या पानावर ‘आजाराचा मागमूस नाहीं’ असा शेरा. माझ्या स्वतःच्या नोंदवहींत पहिल्या भेटीच्या दिवशीं ‘पूर्वीचे आजार’ या ओळीपुढें ‘रक्तदाब, मधुमेह नाहीं’ एवढेंच लिहिलेलें होतें, आणि तें अक्षर माझें होतें. बाईंनीं कांहीं लपविलें नव्हतें. त्यांना कोणी विचारलें नव्हतें. दांताच्या डॉक्टरला पायाच्या हाडाची गोष्ट कोण सांगतो? ती विचारण्याचें काम माझें होतें.

संशय आला म्हणून निदान झालें असें नव्हे. प्रथम स्टेरॉइडचे थेंब बंद केले. दाब उतरविणारे तेवढे चालूं ठेविले. ते नऊ दिवस बाईंनीं फार सोसले. डोळा लाल होत गेला, उजेड सोसवेना, मुलगा दोनदां दूरध्वनीवरून विचारून गेला कीं, थेंब घातले तर काय बिघडतें. त्याचें म्हणणें चूक नव्हतें; आईचा त्रास हातांतल्या बाटलीनें थांबण्यासारखा असतां तो थांबवावयाचा नाहीं, हें पटवून देणें अवघड असतें. दहाव्या दिवशीं शस्त्रक्रियेच्या खोलींत डोळा बधिर करून केसासारख्या बारीक सुईनें पोकळींतलें दोनतीन थेंब पाणी आणि बुबुळाच्या त्या जाड कडेंतील कणभर भाग काढून घेतला. डोळ्यांत सुई म्हटलें कीं माणसाच्या अंगावर कांटा येतो. प्रत्यक्षांत सगळें काम कांहीं मिनिटांचें. खरी घाई पुढें असते. या पेशी अतिशय नाजूक. बाटलींत ठेवून उद्यां पाहूं म्हटलें तर उद्यांपर्यंत त्या विरघळून जातात. म्हणून पेशी तपासणाऱ्या डॉक्टरांना आधींच सांगून ठेविलें होतें, आणि आमचा मदतनीस ती नळी हातांत धरून तडक प्रयोगशाळेंत गेला. दोन थेंबांत पेशी त्या किती असणार! त्यांतून कांचेवर पसरून पाहावयाच्या, कांहींच्या अंगावरील रासायनिक खुणा तपासावयाच्या. पाण्यांतलीं द्रव्येंहि मोजतात. बी-जातीच्या लिम्फोमाच्या पेशी इंटरल्यूकिन-१० नांवाचें द्रव्य अधिक सोडतात, आणि दाहांत इंटरल्यूकिन-६ अधिक असतें. या दोहोंचें प्रमाण पुराव्याला जोड देतें. तथापि शेवटची साक्ष पेशींचीच. प्रयोगशाळेंतून दूरध्वनि आला तेव्हां मी दुसऱ्या रोग्याचा चष्म्याचा नंबर काढीत होतों. पेशी मोठ्या होत्या, त्यांचीं केंद्रकें ओबडधोबड होतीं, आणि अंगावरच्या खुणा तीन वर्षांपूर्वींच्या मानेच्या गांठींतल्याच होत्या.

पुढचें काम नेत्रवैद्याचें एकट्याचें नव्हे. सगळें शरीर तपासलें. मेंदू निर्मळ निघाला, पोटांत एक गांठ सांपडली. म्हणजे डोळ्यानें जी वर्दी दिली ती फक्त डोळ्यापुरती नव्हती. पोटांतली ती गांठ बाईंना जाणवतहि नव्हती. आजार सर्वांगीं असेल तर औषधें शिरेंतून द्यावीं लागतात. डोळ्यापुरता असेल तर डोळ्याला किरण, किंवा डोळ्यांतच मेथोट्रेक्सेटसारख्या औषधाची सूक्ष्म मात्रा. लिम्फोमाच्या पेशी किरणांना लवकर नमतात, हा त्यांतल्या त्यांत मोठा दिलासा.

औषधांची गोष्ट निघाली म्हणून एक सांगतों. बाईंना पहिल्या वेळीं जीं औषधें दिलीं होतीं त्यांत व्हिन्क्रिस्टीन नांवाचें एक होतें. तें निघतें सदाफुलीपासून. आपल्या अंगणांत, कुंडींत, कोणी पाणी घातलें न घातलें तरी फुलणारी ती गुलाबी-पांढरी सदाफुली. तिच्यांतून हें द्रव्य अत्यल्प मिळतें आणि तें जालीम विष आहे. तेव्हां कृपा करून कोणीं तिचीं पानें चावून पाहूं नयेत. त्याच मालिकेंत १९९७ सालीं अमेरिकेंत मंजुरी मिळालेलें रिटुक्सिमॅब येतें. तें बंडखोर बी-पेशींच्या अंगावरची खूण ओळखून नेमकें तेथें जाऊन चिकटतें. आणि मालिकेंतलें आणखी एक औषध कोणतें म्हणाल? तेंच आपलें स्टेरॉइड. निदान ठाऊक असतां, भरपूर मात्रेंत, इतरांच्या जोडीनें दिलें तर तें या आजाराचा शत्रु. निदान ठाऊक नसतां थेंबाथेंबानें दिलें तर त्याचा वकील.

आतां घरीं आपण काय लक्षांत ठेवावें, असें कोणी विचारील. डोळा लाल झाला आणि ठणका, उजेड खुपणें किंवा धूसरपणा असला, तर मागची बाटली काढूं नये, आणि जुन्या चिठ्ठीवर नवी आणूं नये. असे थेंब महिनोन् महिने घातल्यानें काचबिंदु आणि मोतीबिंदु होण्याची भीति असते, ती या आजाराशिवायच. उतारवयांत प्रथमच असा दाह झाला, थेंब बंद करतांच तो परत येऊं लागला, किंवा बुबुळाचा रंग, बाहुलीचा आकार पालटला, तर ‘हें दुसरें कांहीं तर नसेल?’ असें आपल्या डॉक्टरांना स्पष्ट विचारावें. चांगला डॉक्टर त्यानें रागावत नाहीं. आणि शरीरांत कोठेंहि पूर्वीं गांठ, रक्ताचा विकार, कर्करोग झाला असेल, वीस वर्षांपूर्वीं झाला असेल, बरा झाला असेल, तरी तो पहिल्याच भेटींत सांगावा. हल्लीं मी नव्या रोग्याला दिव्यासमोर बसविण्यापूर्वीं ‘कसलाहि मोठा आजार?’ असें विचारतों, आणि उत्तर ‘नाहीं’ आलें तर सोबतच्या माणसाकडे पाहून तोच प्रश्न पुन्हां विचारतों. पुष्कळदां खरें उत्तर तेथून येतें.

बाईंना नव्या औषधांचा क्रम दिला, आणि डोळ्याला रोज थोडे थोडे असे सुमारें चार आठवडे किरण दिले. ती पांढरी साय दुसऱ्याच आठवड्यांत विरूं लागली. किरणांमुळें पुढें मोतीबिंदु होईल हें आधींच सांगितलें होतें. तो झाला, आणि काढला. बाहुली मात्र अजून किंचित् लांबटच आहे. दर तीन महिन्यांनीं त्या दोन्हीकडे, माझ्याकडे आणि कर्करोगाच्या डॉक्टरांकडे, दाखवून जातात. परवां तारीख नसतांनाच त्या दारांत उभ्या दिसल्या, तेव्हां मी दचकलों. फाइल नेहमींप्रमाणें पिशवींत होतीच. पण त्या आल्या होत्या चष्म्याची काडी मोडली म्हणून.